जखमेत टोचावयाचे दुसरे इंजेक्शन



आम्ही वाणिज्य शाखेचे. औषधांशी आमचा परिचय साठ्याच्या नोंदवहीतून. त्या वहीतील एका लहानशा कुपीविषयी आज बोलावयाचे आहे.

कुत्रा चावून रक्त आले, तर केवळ लस पुरत नाही. लसीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होण्यास ७ ते १४ दिवस लागतात. तोवर रेबीजचा विषाणू जखमेतच रोखण्यासाठी तयार प्रतिपिंडे तेथे टोचावी लागतात. ती घोड्याच्या वा मानवी रक्तातून मिळवीत आले आहेत. पहिल्यात ॲलर्जीचा धोका, तर दुसरी महाग व दुर्मिळ. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसबायोलॉजिक्सच्या सहकार्याने ‘रॅबिशील्ड’ हे मानवी प्रतिपिंड जनुकतंत्राने, प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींकडून तयार करविले. त्यासाठी रक्तदाता लागत नाही, घोडाही नाही. अशा प्रतिपिंडांचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्वीकारला.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यापासून नालासोपाऱ्याच्या चाळींपर्यंत आमची एकच विनंती आहे: जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा, त्याच दिवशी रुग्णालयात या आणि लस घेतली म्हणून हे दुसरे इंजेक्शन टाळू नका.

देणगीदारांना इतकेच सांगणे, की रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कुणाकडे पैसे नाहीत, एवढ्या कारणास्तव ही कुपी शीतपेटीत पडून राहता कामा नये. ती जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.