बिनपैशाचा फोन आणि मनाजोगता आकडा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



चिटणीसबाईंनी मला “परदेशातील अनुभव” असा ऐसपैस विषय दिला होता. तेथील बर्फ आणि तेथील दुकाने यांविषयी तुम्ही पुष्कळ ऐकले आहे, म्हणून मी माझ्या नोकरीतलेच काही सांगणार आहे. २००१ ते २०१४ मी अमेरिकेत न्यू जर्सीला एका लहानशा कचेरीत कारकुनी केली. गिऱ्हाइकाला हवा तसा टेलिफोन नंबर शोधून देणे, हे माझे काम. वराला वधू शोधण्यासारखेच ते. अपेक्षा फार आणि स्थळे थोडी!

तेथे १९६७ पासून अशी सोय आहे की, ८०० ने सुरू होणारा नंबर फिरविला तर फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत; ज्याला फोन लागतो तो भरतो. आता गंमत अशी की, फोनच्या बटणांवर आकड्यांबरोबर इंग्रजी अक्षरेही असतात. दोनवर ए-बी-सी, तीनवर डी-ई-एफ, असे नऊपर्यंत. शून्य आणि एक यांवर मात्र अक्षर नाही. त्यामुळे आकड्यांऐवजी शब्द सांगता येतो. “फ्लॉवर्स” या शब्दाची सात अक्षरे दाबली की ३५६९३७७ हा नंबर होतो. सात आकडे विसरतील, फुले कोण विसरणार? जिम मॅककॅन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका फूलविक्याने १९८०च्या दशकात हा नंबर असलेली कर्जात बुडालेली कंपनी, कर्जासकट घेतली आणि पुढे आपल्या धंद्याला नावच त्या नंबराचे दिले.

ही कथा ऐकून प्रत्येक गिऱ्हाईक आमच्याकडे येई आणि म्हणे, “मलाही असाच एक द्या.” मी कागद पुढे ओढून हिशेब मांडून दाखवी. ८०० च्या पुढे सात आकडे. पहिला आकडा शून्य किंवा एक असून चालत नाही. म्हणून एकंदर ऐंशी लाख नंबर. त्यांतले सातही आकडे अक्षरांचे असलेले २०,९७,१५२, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक. ऐकायला डोंगराएवढे! पण तुमचा सात अक्षरी शब्द त्यांत एकाच जागी बसतो. ती जागा दुसऱ्याने धरली की संपले. पुढे ८०० ची मालिका पुरेना म्हणून १९९६ साली ८८८ काढली, मग ८७७, ८६६, ८५५, ८४४ आणि २०१७ साली ८३३. अशा आज सात मालिका आहेत. तेव्हा सात अक्षरी शब्दाला साऱ्या देशात सातच जागा, आणि चांगल्या शब्दाच्या बहुधा साऱ्याच भरलेल्या.

नियम साधा आहे: जो आधी मागेल त्याला. नंबराला वेगळी किंमत नाही. मागितलेला नंबर पंचेचाळीस दिवस राखून ठेवता येतो. तेवढ्यात वापरात आणला नाही तर तो परत जातो. कुणी सोडलेला नंबरही चार महिन्यांपर्यंत तसाच पडून राहतो आणि मग पुन्हा मोकळा होतो. नंबर साठवून ठेवणे आणि चढ्या भावाने विकणे यांना १९९७ पासून बंदी आहे. तरी माणसे वाट काढतातच. धंद्यासकट नंबर घेता येतो, म्हणून कित्येकदा धंदा नावापुरता आणि सौदा नंबराचाच!

७ डिसेंबर २०१३ चा शनिवार मला चांगला आठवतो. त्या दिवशी ८४४ ची नवी मालिका उघडणार होती. मोठ्या कंपन्यांनी सारे ओरबाडू नये म्हणून सरकारने पहिले तीस दिवस प्रत्येक कचेरीला दिवसाला शंभरच नंबर, असे बंधन घातले होते. आम्ही चौघीजणी कचेरीत आठवडाभर आधी याद्या करीत बसलो होतो. कोणाचा शब्द पहिल्या शंभरात घालायचा, यावरून जे वाद झाले ते आपल्या भोंडल्याच्या खिरापतीवरूनही होत नसतील. त्या शनिवारी तरी ती आणि आम्ही एकाच रांगेत होतो.

८३३ च्या वेळी आणखी निराळे झाले. एकाहून अधिक जणांनी मागितलेले सुमारे सतरा हजार नंबर बाजूला ठेवून डिसेंबर २०१९ मध्ये त्यांचा लिलाव केला. बंद पाकिटात बोली लिहायची. सर्वांत मोठी बोली जिंकते, पण पैसे भरायचे ते दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. आपल्या लिलावाच्या भिशीपेक्षा मला ही रीत बरी वाटली. वेड्यासारखी बोली चढविण्याचे कारण राहत नाही.

आता शब्द मिळाला तरी सुख आहे का? “हॉलिडे” हा शब्द एका मोठ्या हॉटेल कंपनीचा नंबर होता. त्यातल्या ओ या अक्षराच्या जागी लोक शून्य दाबीत. दुसऱ्याच एका कंपनीने तो शून्याचा नंबर घेऊन ठेवला आणि चुकलेली गिऱ्हाइके आयती मिळविली. प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत गेले. १९९६ मध्ये निकाल झाला की, घोटाळा लोकांचा आहे, या कंपनीने तो निर्माण केलेला नाही. आणि नंबर तिच्याकडेच राहिला. एटी अँड टी या बलाढ्य कंपनीने “ऑपरेटर” हा शब्द घेतला, तर तिची प्रतिस्पर्धी एमसीआय हिने त्याच शब्दाचे चुकीचे स्पेलिंग घेतले. स्पेलिंग चुकणारे पुष्कळ निघाले. एकीची जाहिरात आणि दुसरीला फोन!

म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगे, शब्द आखूड करा. शेवटचे चारच आकडे शब्दाचे असले तर पुढच्या तीन आकड्यांना सुमारे आठशे पर्याय, आणि सात मालिका मिळून साडेपाच हजारांवर जागा. कोठे सात आणि कोठे साडेपाच हजार! घरी छळ सोसणाऱ्या बायकांसाठी अमेरिकेत फेब्रुवारी १९९६ मध्ये जो राष्ट्रीय मदत-फोन सुरू झाला, त्याचा नंबर ८००-७९९-७२३३. शेवटचे चार आकडे दाबताना “सेफ” हा शब्द होतो. सेफ म्हणजे सुरक्षित. सार्वजनिक फोनवरून तो नाणे न टाकता लागे. रात्री नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेल्या बाईजवळ नाणे कोठले, आणि कागदपेन्सिल तरी कोठली? तिला चार अक्षरे आठवली पाहिजेत, एवढेच त्या नंबराचे मोल. फुलांच्या आणि हॉटेलांच्या नंबरांसाठी मी पुष्कळ खटपट केली. पण हा नंबर पाहिला की माझ्या नोकरीला काही अर्थ आहे असे वाटे.

दुसरी युक्ती आपल्या कामाची. ज्या शब्दावर तेथील कोणाचा डोळा नाही, तो घ्यावा. कॅलिफोर्नियात आपल्याकडच्या देशांतून गेलेल्या स्त्रियांना आधार देणारी “मैत्री” नावाची संस्था १९९१ पासून आहे. तिचा मदत-फोन ८८८-८६२-४८७४. पहिला आठ सोडून पुढची सहा बटणे दाबा, इंग्रजी अक्षरांत “मैत्री” होते! सासरच्या माणसांखेरीज त्या देशात कोणी ओळखीचे नसलेल्या मुलीला हा शब्द इंग्रजी शब्दापेक्षा लवकर आठवेल, असे मला वाटते.

मात्र आपल्या शब्दांना स्पेलिंगची खोड आहे. लाडू विकणारी एक मराठी बाई माझ्याकडे आली. इंग्रजीतला मिठाईचा शब्द कोठेच मोकळा नव्हता, म्हणून मी तिला “लाडू”च सुचविला. चार अक्षरांनी लिहिला तर ५२३८, शेवटी दोन ओ घातले तर ५२३६६. तिची सून म्हणे दोन ओ, ती म्हणे यू. मी सांगितले, दोन्ही घ्या. तिने दोन्ही घेतले, आणि दिवाळीत दोन्ही वाजत होते.

आपल्याकडे १८०० चे नंबर आहेत, पण अक्षरे दाबण्याची सवय आपल्याला नाही. आपण ओळीने येणाऱ्या किंवा जोडीच्या आकड्यांच्या मागे असतो, आणि बीएसएनएल तसे मोबाइल नंबर लिलावात विकते. स्त्रियांच्या मदतीचा १८१ मात्र सरकारने नेमून दिलेला, तीनच आकड्यांचा आहे. दाराजवळच्या फळ्यावर मी तो आज खडूने मोठा लिहिला आहे. पुढच्या कार्यक्रमाची सूचना लिहिताना चिटणीसबाईंनी तेवढा कोपरा पुसू नये, ही विनंती.