वार्धक्यातील पीतबिंदूचा ऱ्हास आणि वर्धा जिल्ह्यापुढील काम



वर्धा जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसाची नजर उणावली की घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते मोतीबिंदूचे, आणि या समजुतीला भक्कम आधार आहे. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून गावोगावची तपासणी शिबिरे, रुग्णांना नेणाऱ्या-आणणाऱ्या गाड्या आणि शस्त्रक्रियेनंतरचा काळा चष्मा या गोष्टी खेड्यातल्या माणसाच्या ओळखीच्या झाल्या. १९६९ साली सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली; पुढे सावंगी (मेघे) येथेही वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि शस्त्रक्रियेने गेलेली दृष्टी परत मिळते हा विश्वास लोकांत रुजला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढील लोकांमध्ये अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले, आणि त्यातील ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हेच होते. तेव्हा मोतीबिंदूवरचे लक्ष ढळू देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र या यशाची एक बाजू दुर्लक्षित राहिली आहे. जो आजार मोतीबिंदू नाही, त्याला लोकांच्या बोलण्यात नाव नाही, आणि नाव नसल्यामुळे तो “वयाचं आहे, चालायचंच” या एका वाक्यात निकालात निघतो. वार्धक्यजन्य पीतबिंदू ऱ्हास हा अशा आजारांतील प्रमुख होय.

डोळ्याच्या मागच्या अंगाला प्रकाश ग्रहण करणारा जो पातळ पडदा असतो त्याला दृष्टिपटल म्हणतात, आणि त्याच्या मध्यावरील जेमतेम साडेपाच मिलिमीटर व्यासाच्या भागाला पीतबिंदू, म्हणजेच मॅक्युला, असे नाव आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, नोटेवरचा आकडा पाहणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे याच भागातील शंकूपेशींवर अवलंबून असतात. या पेशींच्या मागे रंगद्रव्यपेशींचा एक थर असतो. तो त्यांचे पोषण करतो आणि त्यांच्यातील टाकाऊ द्रव्याचा निचराही करतो. वयोमानानुसार हा निचरा मंदावतो, थराखाली पिवळसर साठे जमू लागतात (त्यांना ड्रुसेन म्हणतात), आणि पुढे काही जणांत हा थर व त्यावर विसंबलेल्या शंकूपेशी झिजून नाहीशा होतात. हा आजाराचा कोरडा प्रकार. दहापैकी सुमारे आठ ते नऊ रुग्णांत तोच आढळतो आणि तो वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून द्रव किंवा रक्त पाझरते, आणि काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच, मधली नजर जाते. हा प्रकार संख्येने कमी असला तरी तीव्र दृष्टिनाशाचा मोठा वाटा त्याचाच आहे.

या आजारात कडेची दृष्टी शाबूत राहते, आणि घरातले गैरसमज बहुधा येथूनच सुरू होतात. सुपात तूर निवडणाऱ्या आजीला सुपाचा काठ दिसतो, अंगणात शिरलेली शेळीही दिसते, पण ज्या खड्यावर नजर रोखावी तोच नेमका नाहीसा होतो. ती घरभर न अडखळता वावरते, उंबरठा नीट ओलांडते, आणि पारावरचा ओळखीचा माणूस समोर उभा राहिला तर आवाज ऐकेपर्यंत त्याला ओळखत नाही. “एवढं दिसतं, मग तेवढंच कसं दिसत नाही?” असा संशय घरचे घेतात. तो संशय अन्यायकारक आहे. दृष्टिपटलाची रचना समजावून सांगितली तर तो फिटतो, आणि हे समजावणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

याहून नाजूक गोष्ट भासांची आहे. मधली दृष्टी गेलेल्या काही वृद्धांना, मन पूर्ण ठिकाणावर असतानाही, माणसे, मुले, फुलांच्या नक्षी, जाळ्या अशी चित्रे दिसतात. शार्ल बोने या स्विस विद्वानाने १७६० साली आपल्या आजोबांच्या अनुभवावरून या प्रकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. डोळ्याकडून येणारे संदेश आटले की मेंदूतील दृष्टिकेंद्र स्वतःहून चित्रे उभी करते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. खेड्यातला वृद्ध हे कोणाला सांगत नाही, कारण वेडा ठरण्याची किंवा मांत्रिकाकडे नेले जाण्याची त्याला भीती असते. म्हणून नजर गेलेल्या प्रत्येक वृद्धाला डॉक्टरनेच आपणहून, हळुवारपणे, “नसलेलं काही दिसतं का?” असे विचारले पाहिजे. हे वेड नाही, एवढे कळल्यानेही त्याच्या मनावरचे मोठे ओझे उतरते.

आजार ओळखण्यासाठी पहिली पायरी घरीच चढता येते. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी तयार केलेली चौकड्यांची जाळी यासाठी वापरतात. जवळचा चष्मा लावून, जाळी हातभर अंतराच्या थोडी अलीकडे धरून, एक डोळा तळहाताने झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहिले असता रेषा वाकड्या, तुटक किंवा पुसट दिसल्या तर दृष्टिपटलाची तपासणी तातडीने करून घ्यावी. जाळी नसली तर दाराची चौकट, खिडकीचे गज किंवा भिंतीवरील दिनदर्शिकेचे चौकोन चालतात. एकेक डोळा वेगळा झाकणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण एक डोळा बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, आणि रुग्ण येतो तो दुसरा बिघडल्यावर.

उपचाराचे चित्र २००५–०६ च्या सुमारास पालटले. रक्तवाहिन्यांची ही अनिष्ट वाढ ज्या प्रथिनामुळे होते, त्याला अडवणारे औषध डोळ्याच्या आतील काचाभ द्रवात टोचले असता ओल्या प्रकारातील बहुसंख्य रुग्णांची नजर टिकते आणि काहींची सुधारतेही. रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी आलेले बेव्हासिझुमॅब पुष्कळ स्वस्त पडते, आणि नजर टिकवण्यात ते जवळपास तितकेच गुणकारी असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसून आले. २०१५ पासून रॅनिबिझुमॅबची भारतीय कंपनीने तयार केलेली आवृत्तीही मिळते. परंतु हे एका इंजेक्शनचे काम नाही. आरंभी साधारणतः दर महिन्याला एक अशी तीन, आणि पुढे डोळ्याच्या स्थितीनुसार वर्षानुवर्षे, असा हा क्रम आहे. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील वृद्धाला दर महिन्याला सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठायचे तर सोबत कोणीतरी लागते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्या सोबत्याची मजुरी बुडते. औषधाची किंमत कागदावर दिसते, ही बुडालेली मजुरी मात्र कुठल्याच हिशेबात धरली जात नाही, आणि उपचार पुष्कळदा तेथेच तुटतात. इंजेक्शननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर घटली तर त्याच दिवशी परत यावे, ही सूचनाही रुग्णासोबत सोबत्यालाही देणे आवश्यक आहे, कारण आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो.

कोरड्या प्रकारासाठी इतके प्रभावी औषध हाती नाही. अमेरिकेतील मोठ्या चाचणीत २००१ साली असे आढळले की मध्यम अवस्थेतील रुग्णांत ठरावीक जीवनसत्त्वे व जस्त यांच्या गोळ्यांनी आजार अंतिम अवस्थेत जाण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. २०१३ च्या पुढील चाचणीनंतर धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे बीटा-कॅरोटीन काढून त्याजागी ल्यूटिन आणि झियाझँथिन आले. आजार नसलेल्यास या गोळ्या लिहून देणे म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणे होय. पालकासारख्या हिरव्या पालेभाज्या ताटात असाव्यात, आणि विडी सोडावी. टाळता येण्याजोग्या कारणांत धूम्रपानाइतके ठळक दुसरे नाही.

राहिला तो रुग्ण, ज्याची मधली नजर परतणार नाही. त्याला “आता काही करता येणार नाही” असे सांगून परत पाठवणे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. दृष्टिपटलाचा कडेचा शाबूत भाग वापरून, किंचित तिरके पाहून, काम करण्याची सवय लावता येते. दिव्याचे भिंग, पुस्तकावर मागून पडणारा उजेड, मोठ्या टाइपातील हरिपाठ किंवा ग्रामगीता, पांढऱ्या भातासाठी गडद रंगाचे ताट, पायरीच्या कडेला रंगाची पट्टी, यांनी दिवस पुष्कळ सुकर होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश आहे. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीवरून दिव्यांगत्व चाळीस टक्के वा अधिक ठरल्यास मिळणारे प्रमाणपत्र रुग्णास मिळवून देणे हे रुग्णालयाचे काम समजावे.

जगभरात या आजाराचे २०२० साली सुमारे १९.६ कोटी रुग्ण असतील आणि २०४० पर्यंत ते २८.८ कोटी होतील, असा अंदाज २०१४ साली मांडला गेला होता. आयुर्मान वाढत असलेल्या वर्ध्यासारख्या जिल्ह्यास या वाढीतून सुटका नाही. ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन गावकऱ्यांचा आरोग्यविमा उभा करण्याचा प्रयोग ज्या सेवाग्राममध्ये झाला, तेथील परिसरात दर महिन्याच्या इंजेक्शनसाठी गावांचा मिळून एक ठरलेला दिवस आणि एक सामाईक गाडी अशक्य मानण्याचे कारण नाही. यास्तव जिल्ह्यातील प्रत्येक मोतीबिंदू शिबिरात एकेका डोळ्याची चौकडी-तपासणी व्हावी, शस्त्रक्रियेपूर्वी जेथे दृष्टिपटल दिसू शकते तेथे ते पाहिले जावे, जेथे दिसत नाही तेथे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या फेरतपासणीत पाहिले जावे, आणि दोन्ही डोळ्यांच्या पीतबिंदूची नोंद रुग्णाच्या कागदावर स्वतंत्रपणे लिहिली जावी. या परिषदेतून परतल्यावर पहिल्याच शिबिरापासून ही पद्धत सुरू करावी, असे आवाहन अध्यक्षपदावरून सर्व सहकाऱ्यांना करण्यात येत आहे.