राजकीय कादंबरीतील स्त्री
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक. विद्वानांच्या पंक्तीत बसण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु वर्गात धडा शिकविताना 'ही हकीकत कोणाच्या तोंडून आली आहे?' असे विचारण्याची जी सवय जडली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तोच प्रश्न आज एका जगप्रसिद्ध राजकीय कादंबरीस विचारावयाचा आहे.

जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. जुलमी सत्ता माणसाच्या मनाचाही कसा कब्जा घेते, याचे तीतील चित्रण अजोड आहे. नायक विन्स्टन स्मिथ सत्य आणि इतिहास यांची चिंता वाहतो. त्याची प्रेयसी जूलिया मात्र केवळ सुखाच्या ओढीने नियम मोडणारी दाखविली आहे. तो बंदी घातलेला ग्रंथ मोठ्याने वाचू लागतो, आणि ती झोपी जाते!

डॅफ्नी पटाई या विदुषीने १९८४ साली 'द ऑर्वेल मिस्टिक' या ग्रंथात यावर कठोर टीका केली. ऑर्वेल यांनी सत्तेची चिकित्सा केली, पण पुरुषाची स्त्रीवरील सत्ता त्या चिकित्सेबाहेरच राहिली, असा तिचा मथितार्थ आहे. यावर कोणी म्हणेल की कथा विन्स्टनच्या दृष्टीने सांगितली आहे, तेव्हा दोष त्याचा, लेखकाचा नव्हे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण मग त्या दृष्टीपलीकडे पाहण्याचे काम वाचकावर येते.

तसे पाहिल्यास काय दिसते? पहारा चुकवून प्रेमाची चिठ्ठी हाती देण्याचे धाडस जूलियाचे. पहिल्या एकांतभेटीचा मार्ग आखून देणारी तीच. आणि लंडनवर पडणारे बाँब शत्रूचे नसून, प्रजेला भयभीत ठेवण्यासाठी आपलेच सरकार टाकीत असावे, हा तर्कही तिचाच! विन्स्टनला तो कधी सुचला नव्हता. हिला राजकारण कळत नाही असे कसे म्हणावे? बुद्धी तिच्यापाशी आहे. तिला बुद्धी म्हणणारा कथेत कोणी नाही.

हा विषय त्या काळी कोणास सुचलाच नव्हता असेही नव्हे. १९३७ साली, म्हणजे ऑर्वेल यांच्या बारा वर्षे आधी, कॅथरिन बर्डेकिन या इंग्रज लेखिकेने 'स्वस्तिका नाइट' लिहिली. हिटलरचे राज्य शेकडो वर्षे टिकले असून स्त्रियांना गुरांप्रमाणे कोंडून केवळ संततीसाठी ठेवले आहे, अशी तीतील कल्पना. स्त्रीचा तिरस्कार हाच जुलमाचा पाया, हे तिने ओळखले होते. मात्र पुस्तकावर नाव होते मरे कॉन्स्टंटाइन या पुरुषाचे! त्या नावामागील स्त्री कोण, हे वाचकांना पुढे जवळजवळ अर्धशतकाने, पटाईबाईंच्या संशोधनामुळे कळले. २०२३ साली सँड्रा न्यूमन यांनी 'जूलिया' या कादंबरीत ऑर्वेल यांचीच कथा जूलियाच्या दृष्टीने सांगितली.

याचा अर्थ ऑर्वेल यांचे पुस्तक टाकून द्यावे असा नव्हे. ते अवश्य वाचावे. पण झोपलेल्या जूलियापाशी थोडे थांबावे.

आणि बंधुभगिनींनो, हे केवळ विलायतेचे दूषण नव्हे. आपल्याच ज्ञातीच्या स्मरणिका उघडून पाहाव्या. कर्त्या पुरुषाचे चरित्र चार पाने चालते, आणि 'त्यांस पत्नीची मोलाची साथ लाभली' या एका ओळीत ती माउली संपते. पुष्कळदा तिचे नावही नसते. पुढील अंकापासून तिचे नाव, तिचे काम आणि तिचे मत यांसाठी निदान एक परिच्छेद राखून ठेवावा, आणि तो शक्यतो तिच्याकडूनच लिहवून घ्यावा, अशी संपादक मंडळास आमची नम्र विनंती आहे.