पिल्लांचे पाय का जातात?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस झाला, कांदा झाला, वीजबिल झाले. आता कोंबडीवर बोलायचे म्हटले की पुरुष मंडळी तंबाखू मळायला बाहेर निघतात. त्यांनी जरा बसावे. घरातला चहा-साखर, पोरीच्या वह्या, म्हातारीच्या गोळ्या कशावर येतात हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारावे. परसातल्या दहा-बारा कोंबड्या सात-बारावर नसतात, सोसायटीच्या वहीतही नसतात. पण बाईच्या हातात थेट पडणारा पैसा बहुतेक घरांत तेवढाच असतो.

गावोगाव फिरताना एक तक्रार आमच्या कानावर सारखी येते. पिल्लू कालपर्यंत पळत होते, आज पाय ओढते. मग कोणी तेल चोळते, कोणी दुकानातून प्रतिजैविकाची पिवळी पूड आणून सगळ्यांच्या पाण्यात कालवते. पिल्लू मरते ते मरते, वर औषधाचे पैसे जातात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा कारभार आहे.

पाय जाणे हा रोग नव्हे, ती खूण आहे. खूण एक, कारणे अनेक. काहींवर चार आण्यांचा इलाज पुरतो, काहींवर जगात इलाज नाही. तेव्हा औषध आणण्याआधी चार प्रश्न विचारायचे. पिल्लाचे वय काय? एकच आजारी आहे की अनेक? पायाची बोटे कशी आहेत? आणि पिल्लू खाते का? या चार उत्तरांत अर्धे निदान होते.

वयाप्रमाणे पाहू. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले असतील तर जमीन पाहा. खोक्यात वर्तमानपत्र अंथरले की पिल्लू घसरते आणि पाय फाकतात. कागद काढून बारदान घाला. मऊ चिंधीने दोन्ही पाय सैलसर बांधा, मध्ये दोन बोटांचे अंतर ठेवा. तीन-चार दिवसांत बहुतेक पिल्ले उभी राहतात.

एक ते तीन आठवड्यांचे पिल्लू घोट्यावर बसते, बोटे आत मुठीसारखी वळलेली, पण डोळे तरतरीत आणि खायला पुढे. हे ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता. पिल्लाच्या खाद्यात किलोमागे ३.६ मिलिग्रॅम ब-२ लागते. नुसत्या कण्या आणि मक्याच्या भरड्यात ते पुरेसे नसते. आईमागे उकिरडा उकरणाऱ्या पिल्लाला किड्यांतून, हिरव्या पाल्यातून ते मिळते. खोक्यात कोंडून कण्यांवर वाढवलेल्याला मिळत नाही. इलाज सोपा आहे. औषधाच्या दुकानातले पातळ बी-कॉम्प्लेक्स बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यातून द्या, आजारी पिल्लाला चोचीत थेंब द्या. खाद्यात बारीक चिरलेला लसूणघास किंवा शेवग्याचा पाला घाला. लवकर पकडले तर काही दिवसांत पिल्लू चालू लागते. पंधरा दिवस वाट पाहिलीत तर आतली नस कायमची बिघडते, मग औषध उपयोगी पडत नाही.

चोच बोटाने दाबा. रबरासारखी वाकली, पायाची हाडे मऊ लागली, तर तो मुडदूस. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या पिल्लांना होतो. सकाळचे उघडे ऊन, ड-३ जीवनसत्त्व आणि पिल्लांचे योग्य खाद्य, हा त्याचा इलाज. मात्र अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य पिल्लांना घालू नका. त्यात चुना पिल्लाच्या गरजेच्या तिप्पट असतो, मूत्रपिंडे खराब होतात. घोटा सुजून शीर बाजूला सरकली आणि पाय पिळला गेला, तर मँगनीज किंवा कोलीन कमी पडले. त्या पिल्लाचा पाय परत येत नाही. बाकीच्यांचे खाद्य सुधारा.

आता एक कारण जे दिवसा दिसत नाही. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा. लाकडाच्या फटी आणि आढ्याची भोके पाहा. कोंबडीची गोचीड दिवसा तिथे लपते, रात्री रक्त पिते. तिची बारीक पिले पंखाखाली पाच-दहा दिवस चिकटून राहतात. त्यांनी पाय लुळे पडतात, आणि गोचिडी काढल्या की पिल्लू सावरतेसुद्धा. फटी लिंपा, कढत पाणी ओता, चुना द्या. पण कपाशीवरचे फवारणीचे औषध कोंबडीच्या अंगावर कोणी मारू नका. गोचिडीआधी कोंबडी मरते, आणि ते विष अंड्यातून आपल्या पोराच्या पोटात जाते.

रात्रीतून सगळ्या कोंबड्या लुळ्या, मानसुद्धा उचलत नाहीत, असे झाले तर आसपास कुजलेले मढे शोधा. त्यातल्या अळ्या खाल्ल्याने विषबाधा होते. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकायची नाही, खोल पुरायची.

राहिले दोन मोठे रोग. पहिला मानमोडी, म्हणजे राणीखेत. धापा, हिरवी हगवण, पटापट मरतूक, आणि मागे उरलेल्यांची मान पिळलेली, पाय गेलेले. औषध नाही, लस आहे. दुसरा मरेक्स. योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्याने तो १९०७ साली प्रथम नोंदवला. दीड महिन्यापासून पाच महिन्यांपर्यंतची तलंग यात सापडते. एक पाय पुढे, एक मागे, अशी ती पसरते. एक पंख लोंबतो, कधी डोळ्याचे बुबुळ राखाडी होते. खायला बघते आणि वाळत जाते. पशुवैद्याने शव उघडले तर मांडीतली नस एका बाजूला दुप्पट-तिप्पट जाड दिसते. याला पूड नाही, इंजेक्शन नाही. माणसाला हा रोग होत नाही, पण पिसांच्या कोंड्यातून तो खुराड्याच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून नवी पिल्ले जुन्या कोंबड्यांत एकदम सोडू नका. वेगळी वाढवा, आधी पिल्लांचे काम करा आणि मग मोठ्यांचे.

एक इशारा. एकाएकी खूप कोंबड्या मेल्या तर कोणीही शव कापून पाहू नये, विकू नये, खाऊ नये. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा काय झाले ते आपण पाहिले आहे. अशा वेळी आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आता संघटनेचे काम कुठे येते ते ऐका. मरेक्सची लस पिल्लू एक दिवसाचे असताना टोचावी लागते. ती कालवल्यावर तासाभरातच वापरायची असते, आणि संरक्षण तयार व्हायला आठवडा लागतो. म्हणजे ती गावात आणून जमत नाही, अंडी उबवणी केंद्रातच टोचली पाहिजे. योजनेतून किंवा टेम्पोवाल्याकडून पिल्ले येतात, तेव्हा लस टोचली का हे आपण विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. तीन महिने दाणे खाऊन तलंग अंड्यावर येण्याच्या तोंडाला लंगडते. नुकसान बाईचे, आणि वर ऐकायचे की "तुम्हाला पाळता येत नाही." बियाणाच्या पिशवीवर उगवणीचा आकडा आपण मागतो. पिल्लांच्या पावतीवर लसीची नोंद का मागू नये?

राणीखेतची गोष्ट वेगळी. ती लस गावात येऊ शकते, पण एका कुपीत शंभर मात्रा असतात. दहा कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडणार? फोडली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून एकटीला ती मिळत नाही आणि वाडीला मिळते. दहा घरांनी एक संध्याकाळ ठरवावी. कोंबड्या खुराड्यात आल्या की पकडणे सोपे. दवाखान्यातून कुपी बर्फावर आणावी. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-१ चा थेंब डोळ्यात किंवा नाकात; सहा ते आठ आठवड्यांनी आर-२-बी ची टोचणी. आजारी कोंबडीला टोचायचे नाही.

तेव्हा इथून जाताना तीन गोष्टी ठरवून जाऊ. एक, पावतीवर "मरेक्स लस दिली" हे लिहून आणि सही घेतल्याशिवाय पिल्लू घ्यायचे नाही, फुकटचे असले तरी. दोन, प्रत्येक वाडीने लसीची संध्याकाळ ठरवायची आणि तारीख गावच्या शाखेच्या फळ्यावर लिहायची. तीन, पाय गेलेले पिल्लू दिसले की आधी चार प्रश्न, मग औषध.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कोंबडीसाठी ठराव कशाला? भावांनो, मोठ्या पिकाचा हिशेब मागायची सवय लहान पावतीपासूनच लागते. आणि ही पावती मागायला मायबहिणी पुढे आल्या, तर पुढच्या पावत्यांना त्या थांबणार नाहीत.