डमी आउटपुट आणि माझा मुका माइक

आज लिनक्सवरच्या आवाजाबद्दल बोलूया. खरं तर आवाज गेल्याबद्दल.

मी लॅपटॉपवर डेबियन 11 टाकलं होतं. सगळं झकास चालू होतं. गाणं लावलं, तर चिडीचूप. साउंड सेटिंग्ज उघडल्या, तिथे स्पीकरचं नावच नाही. एकच ओळ: डमी आउटपुट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले आणि सकाळी ऑनलाइन मुलाखत!

घाबरून मी काय केलं? नेटवर सापडलेली एक ओळ मॉडप्रोबच्या फाइलमध्ये चिकटवली, 'डीएसपी ड्रायव्हर बरोबर 1'. रीस्टार्ट केलं आणि स्पीकर वाजले! खुशीत झोपलो. सकाळी मुलाखतीत समोरचे म्हणतायत, "तुमचा आवाज येत नाहीये." मला त्यांचा अगदी स्वच्छ ऐकू येतोय. शेवटी फोनवरून जॉइन झालो, तोपर्यंत 10 मिनिटं गेली होती.

असं का झालं? बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये स्पीकर जुन्या पद्धतीने, कोडेक चिपमधून चालतात. आतला डिजिटल माइक मात्र थेट प्रोसेसरच्या बाजूच्या डीएसपीला जोडलेला असतो. त्या डीएसपीशी बोलतो तो 'सॉफ' ड्रायव्हर, म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर. मी चिकटवलेल्या ओळीने सॉफला बाजूला सारून जुना एचडीए ड्रायव्हर बसवला. त्याला स्पीकर दिसतात, तो माइक दिसतच नाही.

आता तुमच्याकडे डमी आउटपुट दिसलं तर आधी एवढं समजून घ्या: आवाज बंद नाहीये, वरच्या सॉफ्टवेअरला कार्डच मिळालेलं नाही. म्हणून व्हॉल्यूमच्या मागे लागू नका. टर्मिनलमध्ये टाइप करा एप्ले, स्पेस, डॅश, छोटा एल. कार्डांची यादी आली, तर कर्नलपर्यंत सगळं ठीक आहे. मग गडबड वर, पल्सऑडिओ किंवा पाइपवायरमध्ये. किंवा साधं म्यूट असेल: अल्सामिक्सर उघडा, एफ 6 दाबून कार्ड निवडा, खाली 'एमएम' दिसलं तर एम दाबा. (हसू नका, मी यातही एकदा तासभर घालवलाय.) आणि आउटपुट चुकून एचडीएमआयवर नाही ना, तेही बघा.

यादीच आली नाही, तर खाली उतरा. एलएसपीसीआय, स्पेस, डॅश, छोटा के. ऑडिओ डिव्हाइसखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का? माझ्याकडे होती, सॉफचंच नाव होतं. म्हणजे ड्रायव्हर हजर, तरी कार्ड नाही! मग सुडो लावून डीमेसेज चालवलं, त्यात 'सॉफ' शोधलं, आणि तिथे स्पष्ट लिहिलेलं: फर्मवेअर लोड फेल, एरर उणे 2. उणे 2 म्हणजे फाइल सापडली नाही. बस्स, एवढंच होतं! ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, पण डीएसपीत भरायची फर्मवेअर फाइल वेगळ्या पॅकेजात येते. डेबियन 11 मध्ये ते नॉन-फ्री विभागात होतं आणि अधिकृत इन्स्टॉलर ते देत नसे. 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतं.

तर मी चिकटवलेली ओळ काढली. ही पायरी विसरू नका, नाहीतर फर्मवेअर टाकूनही सॉफ जागा होणार नाही. मग सोर्स लिस्टमध्ये नॉन-फ्री जोडलं, अपडेट केलं, 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड' पॅकेज टाकलं, आणि लॅपटॉप पूर्ण रीस्टार्ट केला.

आणि या वेळी फक्त गाणं लावून थांबलो नाही. एरेकॉर्ड, स्पेस, डॅश, छोटा एल करून माइकही यादीत आहे का पाहिलं, पाच सेकंद "हॅलो हॅलो" रेकॉर्ड केलं, परत ऐकलं. आजचा हा भाग त्याच माइकवर रेकॉर्ड केलाय. मागे पंख्याचा आवाज येतोय ना, तो ड्रायव्हरचा दोष नाही, पंखा खरंच चालू आहे.