ब्रह्मपुत्रेचें मार्गांतर

वाईचा किंवा नाशिकचा घाट पाहिलेल्या मनुष्यास नदीची जागा कायमची ठरलेली वाटते. पाणी वाढतें, ओसरतें; परंतु काळ्या खडकांतील पात्र हलत नाहीं. बंगालच्या सखल प्रदेशांतील अनुभव अगदीं उलट आहे. तेथें पायांखालीं खडक नसून नदीनेंच आणून टाकलेला गाळ आहे. आणि जी भूमि नदीनें घडविली, तिच्यावरून ती आपला मार्गहि बदलते. याचें ठळक उदाहरण म्हणजे दोनशें वर्षांपूर्वींचें ब्रह्मपुत्रेचें मार्गांतर.

मेजर जेम्स रेनेल यानें १७६४ सालापासून बंगालच्या नद्यांची मोजणी केली. त्याच्या नकाशांत ब्रह्मपुत्रा मधुपूरच्या उंचवट्याच्या पूर्वेकडून, मैमनसिंगवरून वाहत जाऊन मेघनेस मिळते. तीस्ता त्या काळीं गंगेकडे जात असे. १७८७ सालीं महापूर आला आणि तीस्ता गंगेची वाट सोडून ब्रह्मपुत्रेस मिळाली. पुढील चार दशकांत ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह मधुपूरच्या पश्चिमेस असलेल्या एका लहान नदीच्या पात्रांत शिरला. १८३० च्या सुमारास हें स्थित्यंतर पुरें झालें. मैमनसिंगपासून सुमारें ७० किलोमीटर पश्चिमेस असलेल्या या प्रवाहास जमुना म्हणतात. मथुरेच्या यमुनेशीं तिचा संबंध नाहीं.

मग एका पुरानें एवढी मोठी नदी हलविली काय? पूर हें निमित्त होय. कारण त्याहून जुनें आहे. हिमालयांतून उतरणारी नदी अमाप गाळ आणते. सपाटीवर तिचा वेग मंदावला कीं तो खालीं बसतो, आणि पात्र व कांठ दोन्हीं उंच होत जातात. शेवटीं नदी स्वतःच घातलेल्या वरंब्यावरून वाहूं लागते व शेजारची भूमि तिच्याहून सखल ठरते. अशा वेळीं एखाद्या पुरानें कांठ फोडला, कीं पाणी त्या सखल भागाकडे धांव घेतें. मधुपूरची लाल मातीची भूमि हळूहळू उचलली गेल्यानें या स्थलांतरास साहाय्य झालें, असेंहि कांहीं भूशास्त्रज्ञ मानतात.

हें स्थलांतर पहिलें नव्हे. विंधणें घेऊन काढलेल्या गाळाच्या थरांवरून दिसतें कीं, गेल्या दहा हजार वर्षांत ही नदी मधुपूरच्या कधीं पूर्वेस, तर कधीं पश्चिमेस वाहत आली आहे. त्याच्याहि मागें, सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं, हिमयुगांत समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती. तेव्हां या नद्यांनीं येथें खोल दऱ्या कोरल्या, आणि समुद्र वर चढल्यावर त्याच दऱ्या गाळानें भरून काढल्या. बंगालच्या प्राचीन थरांत तिबेटकडील खडकांचे कण सांपडतात. त्यांवरून तिबेटांतील त्सांगपोचें पाणी निदान १ कोटि ८० लक्ष वर्षांपूर्वीं या बाजूस येऊं लागलें होतें, असें अनुमान निघतें.

या दीर्घ इतिहासाचें ओझें मनुष्याच्या अल्प आयुष्यावर पडतें. मैमनसिंग जिल्हा १७८७ सालींच स्थापन झाला, आणि त्याच्या शहरापुढील महानदी पन्नास वर्षांच्या आंत निघून गेली. मागें उरलेली जुनी ब्रह्मपुत्रा कोरड्या ऋतूंत क्षीण होते. उलट जमुनेच्या कांठचें सिराजगंज एकोणिसाव्या शतकांत तागाची मोठी पेठ म्हणून भरभराटीस आलें. परंतु जिनें ती पेठ वाढविली, तीच नदी तिचा कांठ कापूं लागली. एका तीरावरचें शेत बुडतें आणि प्रवाहांत नवें बेट वर येतें. त्यावर हक्क कोणाचा? हा तंटा इतका नित्याचा, कीं १८२५ सालीं बंगाल्यांत त्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

१९९८ सालीं बांगलादेशांत जमुनेवर सुमारें ४.८ किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला. नदीनें त्याखालूनच वाहावें म्हणून दोन्ही बाजूंस भक्कम बांध घालावे लागले. असे बांध आवश्यकच आहेत. परंतु ते गाळ येणें थांबवीत नाहींत. म्हणून अशा प्रदेशांत शहर वसवितांना नदी आज कोठें आहे, एवढेंच पाहून भागत नाहीं. तिच्या शेजारीं तिच्याहून सखल भूमि कोणती, आणि तेथें कोण राहतें, हेंहि आधीं पाहिलें पाहिजे.