अपंग कामगाराचे किमान वेतन



किमान वेतन ही कामाची किंमत नव्हे. कामकऱ्याला जगावयास निदान इतके हवे, म्हणून ती ठरविलेली रक्कम आहे. जलद हाताचा असो की सावकाश हाताचा, त्याखाली कोणाचीच मजुरी उतरावयाची नाही. मग अपंगाचीच का उतरावी?

अमेरिकेने १९३८ साली ताशी २५ सेंट किमान वेतनाचा कायदा केला. त्यातील चौदाव्या कलमान्वये सरकारी परवाना घेऊन अपंगाला त्याहून कमी देता येते. ते कलम अद्याप चालू आहे. प्रथम धडधाकट माणसाला कामाला लावून घड्याळ धरतात, मग अपंगाला. काम निम्मे भरले की मजुरीही निम्मी. पगार ताशी असेल, तर निदान दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी. घड्याळवाला पाठीशी उभा राहिला की भल्याभल्यांचे हात अडखळतात, हे कारखान्यात राबलेल्याला सांगावयास नको. आणि धडधाकट आळशाला किमान वेतन पुरते मिळते, त्याच्यामागे घड्याळ नाही!

आयोवा राज्यात अटालिसा नावाचे खेडे आहे. तेथील जुन्या शाळेत ठेवलेले ३२ मतिमंद पुरुष रोज टर्की पक्ष्यांच्या कारखान्यात राबत. याच कलमाचा आडोसा घेऊन कंपनी राहण्याजेवणाचे कापून घेई आणि हातावर महिन्याला ६५ डॉलर ठेवी. हे कित्येक वर्षे चालले. २००९ साली वाचा फुटली. २०१३ साली ज्यूरीने भेदभाव आणि छळ यांबद्दल २४ कोटी डॉलर भरपाई ठरविली. कायद्याच्या मर्यादेमुळे ती १६ लाखांवर आली. माणशी पन्नास हजार!

‘कलम गेले तर आमचा मुलगा घरी बसेल,’ असे काही आईबाप म्हणतात. ती भीती खोटी नव्हे, तिला हसू नये. पण व्हरमाँट राज्याने अशी शेवटची कर्मशाळा २००२ साली बंद केली, आणि माणसे साध्या नोकऱ्यांत टिकावीत म्हणून सोबत मदतनीस दिले. खर्च तेथे करावयाचा, मजुराच्या पाकिटातून नव्हे.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने हे परवाने तीन वर्षांत संपविण्याचा मसुदा काढला. जुलै २०२५ मध्ये तो मागे घेतला.

आपण तरी कोठे निराळे होतो? आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही २६ वे कलम होते. अपंगांच्या वेतनाला हा कायदा लागू नाही, असे सरकारला त्यान्वये ठरविता येई. आम्ही युनियनवाल्यांनी त्या कलमाविरुद्ध किती मोर्चे काढले, हे मात्र मला विचारू नका.